खेडला दहापैकी दहा

"एक बटण दाबायचं. बस्स! पाचही मास्तर आपापल्या जागी!"

असं उन्मेष जगदाळे म्हणाला ते २००१ सालच्या मे महिन्यात, संस्थेच्या कचेरीत, खुद्द राजाभाऊ आगाश्यांच्या तोंडावर. संस्थेच्या सचिवांच्या तोंडावर 'बस्स' म्हणण्याची तोवर रत्नागिरीत कोणाची छाती झाली नव्हती. पण उन्मेष पडला घाटावरचा. कऱ्हाडचा. पोटात एक आणि ओठांत एक हा प्रकार त्याच्या सात पिढ्यांत कोणाला जमलेला नव्हता. भूक लागली की तो 'भूक लागली' म्हणायचा, आणि कोणी दारातून 'जेवून जा की' म्हटलं तर खरंच आत येऊन पाटावर बसायचा! कॉलेजात संगणक शिकवायला आल्यापासून वर्षभरात त्याने गावातली बरीच घरं अशी हादरवून सोडली होती.

"म्हणजे माझं काम ते खोकं करणार?" राजाभाऊंनी विचारलं.

"खोकं नाही राजाभाऊ, प्रोग्राम! मी स्वतः लिहिलाय. 'नेमणूक' असं नाव ठेवलंय."

"आणि वशिला? रडारड? मेव्हण्याची चिठ्ठी?"

"कॉम्प्युटरला मेव्हणा नसतो!" उन्मेष छाती फुगवून म्हणाला.

राजाभाऊंना हे वाक्य फार आवडलं. त्यांना स्वतःला चार मेव्हणे होते.

भानगड अशी होती. येत्या जूनपासून संस्थेने वर्षभराचे पाच नवे अभ्यासक्रम योजले होते. रत्नागिरीच्या मुख्य इमारतीत संगणक ओळख आणि वृत्तपत्रलेखन, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मासळीप्रक्रिया, गुहागरला नारळ-सुपारीची बागायत, आणि खेडला व्यावहारिक पत्रलेखन. त्यासाठी उन्मेषसकट कॉलेजातली पाच माणसं वर्षभरासाठी मोकळी केली होती. कोणी कुठे जाऊन काय शिकवायचं, एवढंच ठरायचं होतं. शिकवणाऱ्याला तो विषय आधी यायला हवा, अशी अट संस्थेत पूर्वापार नव्हती. "मास्तर म्हणजे मास्तर! पुस्तक हातात दिलं की शिकवतो," हे राजाभाऊंचं मत, आणि त्यावर कोणी वाद घालत नसे.

आजवर अशा नेमणुका राजाभाऊ एकहाती करत. त्यांची एक पद्धत होती. ती अख्ख्या कॉलेजाला ठाऊक होती, पण कोणी कोणाला सांगत नसे. ती हवेतूनच कळायची. उन्मेषला मात्र कळली नव्हती, कारण गेल्या वर्षी तो रुजू झाला तेव्हा नेमणुका उरकल्या होत्या, आणि हवेतून त्याला फक्त घाम कळायचा. यंदा राजाभाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यातून आंब्याच्या पेट्या रवाना करायची घाई. म्हणून त्यांनी ती जोखीम ह्या पोराच्या गळ्यात टाकली.

पण उन्मेषने हा खटाटोप काही राजाभाऊंच्या डोळ्यांसाठी केला नव्हता. त्याचं कारण मराठीच्या विभागात बसायचं आणि मधल्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये त्याच्यासमोर चहा प्यायचं. मनस्विनी सुर्वे! वर्षभरात त्या दोघांनी मिळून इतका चहा ढोसला होता की कॅन्टीनवाल्याने त्यांना वेगळी किटली नेमली होती. ती रत्नागिरीत राहिली तर येत्या गणपतीच्या आत तिला सरळ विचारायचं, असं उन्मेषने ठरवून टाकलं होतं. आणि ती रत्नागिरीतच राहणार ह्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. वृत्तपत्रलेखन हा तिचा जीव की प्राण, आणि तो वर्ग तर त्याच्या संगणकाच्या खोलीला लागून!

"तुम्हाला जे हवं तेच मिळेल मॅडम," तो तिला चहावर म्हणाला होता. "फक्त येऊन खरं काय ते सांगा."

"खरं?" मनस्विनीने कप खाली ठेवला. "तिथे? त्या खोलीत?"

"हो. का?"

"काही नाही," ती म्हणाली आणि त्याच्याकडे जरा दयेने बघत राहिली. उन्मेषला ते प्रेम वाटलं.

आता त्या खोलीविषयी सांगायला हवं. संगणकाची खोली आणि राजाभाऊंची कचेरी ह्यांच्यामध्ये भिंत नव्हती. एक लाकडी पडदी होती, आणि तीही छतापर्यंत पोचत नव्हती. पलीकडे राजाभाऊंनी अडकित्त्याने सुपारी कातरली की ती अलीकडे ऐकू येई. उन्मेषचं लक्ष तिकडे कधीच गेलं नाही. त्याचं लक्ष संगणकाच्या पडद्यावर.

प्रोग्राम अगदी सोपा होता. पाचही अभ्यासक्रमांना प्रत्येकाने आपल्या आवडीप्रमाणे दहापैकी गुण द्यायचे. कोणाला कुठे नेमलं असता सगळ्यांच्या गुणांची बेरीज जास्तीत जास्त होते, ते यंत्र शोधणार. उन्मेष एकेकाला बोलावून विचारणार आणि गुण टाइप करणार.

पहिल्या आल्या गृहशास्त्राच्या मालिनीताई लिमये. ह्या बाईंच्या स्वयंपाकघरात चातुर्मासात लसणालाही बंदी. त्या खुर्चीवर टेकल्या, पदर सावरला, पडदीकडे तोंड केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "मासळीप्रक्रिया! दहापैकी दहा!"

उन्मेष दचकला. "ताई, त्यात कोळंबीचं लोणचं आहे. सुके बांगडे आहेत."

"कोळंबीचं लोणचं शिकवायला मला मनापासून आवडेल!" मालिनीताई डोळे घट्ट मिटून गरजल्या. "आणि संगणक? शून्य! त्या खोक्याला मी बोटसुद्धा लावायची नाही!"

मग त्या एकदम पुढे झुकल्या आणि कुजबुजल्या, "ह्यातनं अमेरिकेला पत्र जातं म्हणे हो? आमची उर्वी असते ना तिकडे."

"जातं की! क्षणात."

"अगोबाई," मालिनीताई म्हणाल्या आणि माऊसच्या पाठीवरून मांजराला कुरवाळावं तसा हात फिरवून निघून गेल्या.

काय ही निष्ठा! उन्मेषला भरून आलं. बाई एवढ्या मोठ्याने का बोलतात, हे मात्र त्याला उमगेना. यंत्राला कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत असावी, असा त्याने तर्क केला.

मग भूगोलाचे भिकाजी सावंतसर आले. तेही पडदीकडे तोंड करून ओरडले, "गुहागर! दहा! रोज एस. टी.चे धक्के खाल्ल्याशिवाय मला झोप येत नाही!"

"आणि मासळीप्रक्रिया?"

"शून्य! अहो, मासळीचा वास आला की मला भोवळ येते!"

हे ते बोलत असताना त्यांच्या मांडीवरच्या पिशवीतून सुरमईची शेपटी बाहेर डोकावत होती. वास सोसत नसतानाही बायकोसाठी मिरकरवाड्याहून मासळी नेणारा नवरा बघून उन्मेषचा ऊर दाटून आला. त्याने शून्य टाइप केलं.

इतिहासाच्या कमलाताई गमरे आल्या त्या उभ्या उभ्याच. "वृत्तपत्रलेखन, दहा! इथेच मुख्य इमारतीत, राजाभाऊंच्या नजरेसमोर राहायला मिळालं तर मी भाग्य समजेन!" पलीकडे अडकित्ता क्षणभर थांबला. "आणि गुहागर शून्य! समुद्राच्या वाऱ्याने माझे गुडघे धरतात!"

दारापर्यंत जाऊन त्या परत आल्या. "सकाळची गुहागर गाडी वेळेवर सुटते का हो हल्ली?" त्यांनी हळूच विचारलं. "आई एकटी असते तिकडे, म्हणून आपलं विचारलं."

शेवटी मनस्विनी आली. उन्मेषने तिच्यासाठी खुर्ची पुसली, पंख्याचं तोंड तिच्याकडे वळवलं आणि वृत्तपत्रलेखनापुढे दहा टाइप करायला बोट उचललं.

"खेड!" मनस्विनी म्हणाली.

बोट हवेतच राहिलं.

"खेडला दहापैकी दहा! मला खेडच हवं! रत्नागिरीत माझं काहीएक अडलेलं नाही!"

"मॅडम... आणि वृत्तपत्रलेखन?"

"शून्य!" असं म्हणताना तिने पडदीकडे बोट केलं, भुवया उडवल्या, डावा डोळा मिटला, मग उजवा मिटला. उन्मेषने खिशातून रुमाल काढून पुढे केला.

"डोळ्यात काहीतरी गेलंय तुमच्या."

मनस्विनीने कपाळाला हात लावला आणि ती निघून गेली.

उन्मेषने रुमालाची घडी करून तो परत खिशात ठेवला. रत्नागिरीत माझं काहीएक अडलेलं नाही! मग तो चहा? ती वेगळी किटली? त्याला रडू यायला लागलं, पण कऱ्हाडचा माणूस दुसऱ्याच्या पंख्याखाली रडत नाही. मनात आलं, बदलून टाकावा तो आकडा. कोणाला कळणार आहे? पण कॉम्प्युटरला मेव्हणा नसतो हे वाक्य त्यानेच फेकलं होतं. तो उमदेपणाने दात ओठ खात राहिला. मग स्वतःचे गुण भरले. संगणक ओळख, दहा. आणि खेड? ज्या गावाने त्याची मनस्विनी पळवली त्या गावाला? शून्य! ते शून्य त्याने इतक्या जोरात दाबलं की किल्ली आत जाऊन बसली.

मग त्याने बटण दाबलं.

यंत्राने जरा घरघर केली आणि पडद्यावर अक्षरं उमटली. मालिनीताई, मासळी, मिरजोळे. सावंत, बागायत, गुहागर. कमलाताई, वृत्तपत्रलेखन, रत्नागिरी. मनस्विनी, पत्रलेखन, खेड. उन्मेष, संगणक, रत्नागिरी. आणि खाली ठळक: 'सर्वांचे समाधान: शंभर टक्के.'

शंभर टक्के! जगात कुठल्या संस्थेत असा निकाल लागला नसेल. फुटक्या काळजाने का होईना, उन्मेषने तो कागद छापला आणि सूचनाफलकावर लावला.

पुढच्या क्षणी जे झालं त्याला कॉलेजात तोड नव्हती. मालिनीताई फलकापुढे मटकन बसल्या. "कोळंबी! मी! अहो, मला कोळंबीचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे तेसुद्धा ठाऊक नाही! आमच्या घरात चार पिढ्यांत..." पुढचं त्यांच्याच्याने बोलवेना. कोणीतरी त्यांना लिंबाचं सरबत आणून दिलं. सावंतसर "गुहागर! रोज गुहागर!" असं पुटपुटत वऱ्हांड्यात येरझारा घालत होते आणि त्यांच्या पिशवीतून पाणी ठिबकत होतं. कमलाताईंनी उन्मेषकडे असं पाहिलं की त्याला आपला शाळेतला इतिहासाचा पेपर आठवला.

"पण तुम्ही मागितलं तेच मिळालंय!" उन्मेष ओरडला. "शंभर टक्के!"

"ह्याला कोणीतरी धरा," सावंतसर म्हणाले, "नाहीतर माझ्या हातून काहीतरी होईल."

गर्दीतून मनस्विनी आली आणि त्याला बाहीला धरून सरळ कॅन्टीनमागच्या फणसाखाली घेऊन गेली. तिचे डोळे लाल झाले होते.

"तुम्ही मला खेडला पाठवलंत?"

"तुम्हीच मागितलंत मॅडम!"

"मागितलं म्हणजे द्यायचं असतं का?"

ह्या प्रश्नाला संगणकशास्त्रात उत्तर नव्हतं.

"अहो, राजाभाऊ आजवर कोणाला मागितलेलं देतात का?" मनस्विनी म्हणाली. "जो आवडीने मागतो तो आराम करायला मागतो, असं त्यांचं ठाम मत. ते बरोबर उलटं देतात. त्यामुळे इथे जन्मलेला प्रत्येक माणूस त्यांच्यापुढे बरोबर उलटं मागतो. पंचवीस वर्षं हे सुरळीत चाललंय! मला वृत्तपत्रलेखन हवं होतं, म्हणून मी खेड मागितलं. पलीकडे ते सुपारी कातरत बसले होते! मी तुम्हाला किती खुणा केल्या! आणि तुम्ही मला रुमाल देता?"

"म्हणजे... रत्नागिरीत तुमचं अडलेलं आहे?"

मनस्विनी लाजली नाही, चिडली. "नाही! माझं काय अडणार आहे इथे? चहा तर खेडलाही मिळतो!" आणि ती पाय आपटत निघून गेली.

एरवी उन्मेष तिथेच खचला असता. पण आता त्याच्या डोक्यात पहिल्यांदाच उजेड पडला होता. उलटं! सगळं उलटं! तो फणसाखालून जो सुटला तो खोलीत येऊन थांबला. चार वाजता कार्यकारिणीची बैठक होती. तिथे राजाभाऊंची सही झाली की वर्षभर ब्रह्मदेवालाही बदल करता येणार नव्हता. आणि पावणेचार वाजले होते!

नव्याने सगळ्यांना विचारायला वेळ नव्हता, आणि विचारून उपयोगही नव्हता. ही माणसं आता सुलट बोलतील की उलट, की उलटाच्या उलट, हे समजायला कऱ्हाडचं डोकं अपुरं होतं. पण प्रोग्रामला एवढंच सांगायचं होतं की जास्तीत जास्त गुणांच्या ऐवजी कमीत कमी गुण शोध. एका ओळीत एक वजाचं चिन्ह! उन्मेषने ते घातलं, बटण दाबलं आणि छपाई यंत्र करकरायला लागलं. मालिनीताई, संगणक ओळख, रत्नागिरी. वा! सावंत, मासळी, मिरजोळे. वा वा! कमलाताई, बागायत, गुहागर. मनस्विनी, वृत्तपत्रलेखन...

आणि वीज गेली.

संगणकाची बॅटरी पिक पिक करत होती. कागद हळूहळू, एकेक अक्षर कुंथत पुढे सरकत होता. "चल रे बाबा, चल!" उन्मेष छपाई यंत्राच्या पाया पडला. शेवटची ओळ कशीबशी उमटली, पिकपिक बंद पडली, आणि त्या अंधारलेल्या खोलीतून कागद फाडून घेऊन तो बैठकीकडे पळाला. मनस्विनी रत्नागिरीत राहिली होती. त्याला आणखी काय वाचायचं होतं?

बैठकीला सगळे आधीच हजर होते, चेहरे सुतकी. उन्मेषने राजाभाऊंच्या कानाशी लागून चूक कबूल केली आणि वजाचं चिन्ह समजावून सांगितलं. राजाभाऊ ऐकता ऐकता सरळ बसले.

"म्हणजे आता ते सगळ्यांना मागितल्याच्या उलटं देतं?"

"हो."

"अहो, म्हणजे माझीच पद्धत घातलीत की तुम्ही यंत्रात!" राजाभाऊंचा चेहरा उजळला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "मला काय कळत नव्हतं होय? मालिनी लिमये आयुष्यात कोळंबीला शिवेल? पण ती उलटं मागते, मी उलटं देतो. तिला हवं ते मिळतं आणि माझा दरारा राहतो. पंचवीस वर्षं कोणाचं काही बिघडलं नाही. तुम्ही एका दिवसात बिघडवून दाखवलंत!"

उन्मेषने मान खाली घातली. राजाभाऊंनी नवा चष्मा चढवला, घसा खाकरला आणि नवा कागद वाचायला घेतला.

"मालिनी लिमये. संगणक ओळख, रत्नागिरी."

"अरे देवा! ते खोकं!" मालिनीताई कळवळल्या. आनंदाने त्यांचे कान लाल झाले होते. "आता संस्थेचीच आज्ञा म्हटल्यावर काय करणार!"

"सावंत. मासळीप्रक्रिया, मिरजोळे."

"भोवळ येईल तेवढी येईल," सावंतसर जड आवाजात म्हणाले आणि त्यांनी पिशवी प्रेमाने छातीशी धरली.

"कमलाताई गमरे. बागायत, गुहागर."

"माझे गुडघे!" कमलाताई म्हणाल्या. पण त्यांच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं, आणि ते गुडघ्यांसाठी नव्हतं हे उन्मेषलासुद्धा कळलं.

"मनस्विनी सुर्वे. वृत्तपत्रलेखन, रत्नागिरी."

"शी!" मनस्विनी म्हणाली, आणि उन्मेषकडे बघून असं हसली की त्याला गणपती उद्यावर आल्यासारखे वाटले.

"आणि उन्मेष जगदाळे," राजाभाऊंनी शेवटची ओळ वाचली. "पत्रलेखन, खेड."

उन्मेषने मान लांब करून कागदात डोकावून पाहिलं. खेड? पण त्याने तर खेडला शून्य दिलं होतं! रागाच्या भरात, पण खरंखुरं, सरळ, कऱ्हाडी शून्य! आणि यंत्र आता सगळ्यांना उलटं देत होतं. त्या कागदावर खरं बोललेला माणूस एकच होता, आणि तो बरोबर उलटा टांगला गेला होता.

"जगदाळे, तुम्हाला काही सांगायचंय?" राजाभाऊंनी पेन उघडलं.

उन्मेषने मनस्विनीकडे पाहिलं. ती भुवया उडवत होती. डावा डोळा मिटत होती, उजवा मिटत होती. ह्या वेळी त्याने रुमाल काढला नाही. ह्या वेळी त्याला सगळं कळलं! उलटं बोल, ती सांगत होती. आयुष्यात एकदा तरी उलटं बोल!

त्याने उभं राहून घसा साफ केला. "राजाभाऊ, खेड म्हणजे माझं स्वप्न! जगबुडी नदीच्या काठी बसून पत्रलेखन शिकवावं, एवढीच माझी इच्छा आहे. रत्नागिरीत माझं काहीएक अडलेलं नाही!"

आयुष्यातलं पहिलंच खोटं असूनही ते फार सुंदर उतरलं होतं. कमलाताईंनी मान डोलावली. मनस्विनीने सुटकेचा श्वास सोडला. आता राजाभाऊ उलटं देणार, आणि उन्मेष रत्नागिरीत राहणार!

राजाभाऊंनी चष्मा काढून पुसला. त्यांचा स्वर हळवा झाला होता.

"मंडळी, पंचवीस वर्षांत मी कोणाला मागितलेलं दिलं नाही. का, तर ह्या कोकणात तोंडावर खरं बोलणारा माणूस मला भेटला नाही. पण जगदाळे घाटावरचे. सरळ माणूस! माझ्या घरी जेवायला बसला तेव्हाच मी ओळखलं, हा पोटातलं तेच बोलतो. त्याने खेड मागितलंय, तर त्याच्यासाठी मी माझा नियम मोडतो. खेड तुमचं!"

आणि त्यांनी सही केली. टाळ्यांचा कडकडाट झाला. उन्मेषने वाकून आभार मानले, कारण दुसरं काय करणार?

जून उजाडला. निघायच्या आधी आठ दिवस उन्मेष मालिनीताईंना माऊस धरायला शिकवत होता आणि त्या उर्वीला पत्र पाठवायला शिकत होत्या. वर्गाचा अभ्यासक्रम तेवढ्यात बसवला गेला. मग एका सकाळी तो बॅग घेऊन एस. टी. स्टँडवर आला तेव्हा खेडच्या गाडीपाशी मनस्विनी उभी होती.

"मी काही तुम्हाला पोचवायला आले नाहीये," ती म्हणाली. "कामाला निघाले होते." आणि तिने त्याच्या हातात डबा दिला. डब्याखाली हात ठेवता येत नव्हता इतका तो गरम होता.

"मॅडम," उन्मेष म्हणाला. गाडी सुरू झाली होती, कंडक्टर घंटी ओढत होता. गणपतीपर्यंत थांबायची सोय राहिली नव्हती. "लग्न कराल माझ्याशी?"

"मुळीच नाही!" मनस्विनी अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली.

उन्मेष आनंदाने वेडा व्हायचा बाकी राहिला. मुळीच नाही म्हणाली! स्पष्ट म्हणाली! खिडकीपाशी बसून त्याने शेजाऱ्याला उगीचच हसून दाखवलं, डबा मांडीवर घेऊन शीळ घातली. उलटं समजून घेणं किती सोपं असतं! इतकी वर्षं आपण उगीच सरळ वागलो. गाडी हातखंब्याला थांबली आणि त्याची शीळ एकदम बंद पडली.

पण लग्नाच्या बाबतीत राजाभाऊ कुठे आले? पडदी कुठे होती? सुपारी कोण कातरत होतं? तिने ह्या एकाच बाबतीत सरळ उत्तर दिलं असेल तर?

"थांबवा! गाडी थांबवा!" तो ओरडला. गाडी थांबलेलीच होती. बॅग, डबा आणि शीळ सावरत तो उतरला आणि समोरून येणाऱ्या पहिल्या गाडीने उभा राहून, लोंबकळत, रत्नागिरीला परत आला.

स्टँडवर त्याच बाकावर मनस्विनी बसली होती. तिच्या हातात दोन कप चहा होता, आणि एका कपावर बशी झाकलेली होती.

त्याला धापा टाकत येताना बघून ती जागची हललीसुद्धा नाही.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली, "तुम्ही काही परत येणार नाही."

उन्मेष तिच्या शेजारी बसला. ह्या वेळी त्याने काही विचारलं नाही. बशी काढली आणि चहा प्यायला.

त्या दिवशी खेडच्या वर्गावर अर्थातच मास्तर पोचले नाहीत. दुसऱ्या दिवशी पोचले. व्यावहारिक पत्रलेखनाचा पहिला धडा रजेच्या अर्जाचा होता, आणि फळ्यावर नमुना म्हणून मास्तरांनी स्वतःचाच अर्ज लिहिला. कारणाच्या जागी त्यांनी लिहिलं: पोटदुखी. कऱ्हाडची सात पिढ्यांची परंपरा तिथे संपली.